लखौरी विटांची विहीर

हेमचंद्रच्या घरातलं जेवणाचं टेबल जेवायला कधी मिळत नसे. लखनौच्या महानगर वस्तीतल्या त्या फ्लॅटमध्ये टेबलावर कायम एखादी रणभूमी पसरलेली असायची. थर्माकोलच्या टेकड्या, तांब्याच्या तारा पिळून केलेली झाडं, रंगवलेल्या भुशाचं गवत. संशोधन संस्थेत आठवडाभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारा हा माणूस सुट्टीच्या दिवशी बोटाएवढ्या शिपायांसाठी गावं बांधायचा. जुन्या लढाया फासे टाकून पुन्हा खेळणाऱ्या हौशी मंडळींचा एक गट होता, आणि त्यांना मैदान हेमचंद्रच्याच हातचं लागे. त्याची बायको शुभदा मांडीवर ताट घेऊन जेवायची आणि म्हणायची, या घरात वरणभाताला जागा नाही, घोडदळाला आहे. कटर निसटून झालेल्या जखमेची तिरकी खूण त्याच्या उजव्या अंगठ्यावर कायमची राहिली होती. ती तो कौतुकाने दाखवायचा.

या वेळी अठराशे सत्तावनच्या धामधुमीतली मलिहाबादजवळची एक लहानशी चकमक ठरली होती. हेमचंद्रला अंदाजपंचे काम खपत नसे. आंब्याला मोहोर आला होता तेव्हा तो शुभदाला घेऊन थेट त्या बागेत गेला. बागेचे मालक शब्बीर मियाँ सत्तरी ओलांडलेले, एकटे, बोलायला भुकेलेले. त्यांनी खाटा टाकल्या, चहा पाजला आणि बागेच्या मधोमध असलेल्या विहिरीपाशी नेलं. बिस्किटासारख्या पातळ लखौरी विटांचं बांधकाम, काठावर शेवाळ, कोनाड्यात काजळी धरलेली पणती. शुभदाने स्वतः पोहरा ओढला, ती ओंजळीने पाणी प्यायली आणि म्हणाली, इतकं गोड पाणी लखनौत आल्यापासून प्यायले नाही.

चकमकीच्या दिवशी मियाँच्या घरच्या बायकांनी या विहिरीत उड्या टाकल्या होत्या. त्यांना कबरी नाहीत आणि त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. बाप मुलाला सांगत आला होता, आणि दर गुरुवारी दिवेलागणीला इथे पणती लावून ती नावं मोठ्याने घ्यायची, एवढाच रिवाज. मियाँनी तेव्हाही ती एकेक करून घेतली. हेमचंद्र मान डोलवत होता, पण त्याचं सगळं लक्ष विटांच्या जाडीकडे होतं.

“और कुछ बनाइए न बनाइए, साहब,” निघताना मियाँ म्हणाले, “ये कुआँ ज़रूर बनाइएगा. हमारे बाद कौन है.”

हेमचंद्रने शब्द दिला.

विहीर झालीही देखणी. फळीला आरपार भोक पाडून त्याने आत वीट न् वीट कोरली, तळाशी काळसर राळ ओतली. मग गटाचे म्होरके लक्ष्मीकांतराव मैदान बघायला आले. बँकेतून निवृत्त झालेले, नियमांना पक्के. त्यांनी पट्टी ठेवून पाहिलं आणि नाक मुरडलं.

“यार हेमचंद्र, ही मधोमध कशाला? घोडदळ अडतंय. बुजवून टाक. कोण विचारणार आहे?”

दिलेला शब्द हेमचंद्रच्या अगदी ओठांवर आला होता. पण लक्ष्मीकांतरावांची शाबासकी त्याला हवी होती, आणि एका म्हाताऱ्याच्या पणतीची गोष्ट सांगणं त्या क्षणी त्याला बावळटपणाचं वाटलं. त्याने पुट्टीचा गोळा विहिरीवर ठेवला आणि अंगठ्याने दाबला. ठसा उमटला, त्यावर त्याने हिरवा भुसा भुरभुरला.

ती पुट्टी वाळेना. पंख्याखाली ठेवली, हेअर ड्रायर फिरवला, तरी बोटाला ओल लागायची. टेबलाजवळ शेवाळाचा वास येऊ लागला. शुभदाने सिंकखालचा पाइप दोनदा तपासला.

विकास नगरच्या हॉलमध्ये खेळ रंगला. त्या जागेवर ठेवलेला प्रत्येक घोडेस्वार मात्र आडवा व्हायचा. लक्ष्मीकांतराव हसत तो उचलून पुढे सरकवायचे. मैदानाची तारीफ झाली, फोटो निघाले, आणि हेमचंद्रला कुणाच्या नजरेला नजर देववेना.

कारण मियाँना त्याने आधीच बोलावून ठेवलं होतं.

ते आले. आवळ्याचा मुरब्बा घेऊन, इस्त्रीची शेरवानी घालून. आपली बाग ओळखून ते हरखले. त्यांचं बोट झाडांमधून फिरत मध्यावर आलं आणि तसंच पुढे गेलं.

हेमचंद्रचे कान तापले. “मियाँ, वो कुआँ... मुझसे ग़लती हो गई.”

“कैसा कुआँ, साहब?”

त्याला आधी हायसं वाटलं. पुढे आयुष्यभर त्याला लाज वाटली ती त्या हायसं वाटण्याची.

“आप हर जुमेरात को चिराग़ जलाते हैं न? वहाँ?”

मियाँ नम्रपणे हसले. “किसके लिए?”

घरी आल्यावर त्याने शुभदाला विचारलं.

“अहो, विहीर कुठली? मोकळंच तर होतं तिथे.”

“तू पाणी प्यायलीस.”

“मी चहा प्यायले.”

त्याने पुट्टी खरवडून काढली. खाली सलग फळी होती. भोक पाडल्याची खूणसुद्धा नव्हती.

पुढच्या गुरुवारी तो एकटाच मलिहाबादला गेला. मोहोर गळून कैऱ्या धरल्या होत्या. बागेच्या मधोमध गवत होतं, सगळं एका उंचीचं, जरा जास्तच हिरवं. त्याने ते बाजूला सारलं. खालची माती गोल गोल सरींमध्ये उठलेली होती, एकीत एक, खाटेहून रुंद. त्या सगळ्या सरींना छेदत एक तिरका चर गेला होता.

त्याने हात मागे घेतला आणि अंगठा मुठीत लपवला.

मागे पावलं वाजली. शब्बीर मियाँ येत होते. ते गवताच्या कडेला थांबले आणि ओशाळल्यासारखे हातातल्या माचिसकडे बघत राहिले.

“अजीब बात है, साहब. हर जुमेरात ये लेकर निकलता हूँ, यहीं तक आता हूँ. फिर याद ही नहीं रहता, क्यों आया था.”

दिवेलागण झाली होती. आता ते सांगू शकणारा एकच माणूस उरला होता. हेमचंद्रने तोंड उघडलं, आठवून पाहिलं, पुन्हा आठवून पाहिलं. त्याला विटांची जाडी आठवत होती. नाव एकही आठवलं नाही.