कोंडीराम का लपला?

"टाकी अस्मिता सांभाळेल!" असं जाहीर करून सलिलकाका बॅग घेऊन चेन्नईला निघाला, आणि तनयाच्या हातातली चकली हातातच राहिली.

अस्मिता? दिवाळीच्या सुट्टीला नागपूरहून आलेली आतेबहीण? काकाची ती खाऱ्या पाण्यातल्या माशांची काचेची टाकी सदाशिव पेठेतल्या या घरात आली तेव्हापासून तनया तिच्यासमोर ठाण मांडून बसायची. कुठलं प्रवाळ कधी फुलतं, माशांचं अंग साफ करणाऱ्या लाल पट्ट्याच्या कोळंबीचं नाव कोंडीराम कसं पडलं, सगळं तिला पाठ. आणि मान मिळाला पाहुणीला!

"तुझा काका तो माझा मामाच ना!" अस्मिताने चिडवलं.

"बुडव एकदाची टाकी, मग कळेल!" तनया सगळ्यांदेखत फणकारली.

काम तसं सोपं होतं. टाकीतलं पाणी वाफ होऊन कमी होतं, मीठ मात्र आतच राहतं. म्हणून काकाने मशीनने शुद्ध करून कॅनमध्ये ठेवलेलं गोडं पाणी रोज खुणेपर्यंत घालायचं.

चौथ्या दिवशी सकाळी अस्मिता किंचाळली. दोन गोगलगायी तळाशी निपचित, प्रवाळं मिटून बसलेली आणि कोंडीराम दगडाआड आडवा!

तनयाला बरं वाटलं. चक्क बरं वाटलं! मग कोंडीरामची मिशी क्षीणपणे हलली आणि ती धावत टाकीशी गेली.

"तूच काहीतरी टाकलंस! बुडव म्हणाली होतीस!" अस्मिता रडायला लागली. "मी तर काहीच नाही केलं बाप्पा!"

"भांडून पाणी शुद्ध होत असेल तर चालू द्या," आजोबा पेपरमागून म्हणाले.

तनया हादरली. तिचं ते वाक्य घरभर ऐकू गेलं होतं. काकाला ते खरं वाटलं, तर तो तिला पुन्हा टाकीजवळ फिरकू देईल का?

एवढ्यात शेजारचा गंधार आला. "मासे तर मजेत आहेत की!" तो काचेला नाक लावून म्हणाला.

तनयाने कान टवकारले. मासे ठणठणीत, आणि कोळंबी-गोगलगायीच आजारी? माशांचं एक औषध काकाने टाकीत घालायचं टाळलं होतं ते तिला आठवलं. 'यात तांबं आहे. मासे सोसतील, कोंडीराम मरेल.'

सांगूच नये का? खाऊ देत अस्मिताला बोलणी! पण तिने पुन्हा दगडाआड पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं.

"तांबं येईल कुठून?" अस्मिताने डोळे पुसले. "आणि माझ्याआधी पाणी तूच घालतेस ना? रोज खुणेपर्यंत भरलेलंच असतं!"

"मी? मला वाटलं, तू घालतेस!"

गंधारने कॅनचं झाकण काढलं. कॅन काठोकाठ भरलेला!

"म्हणजे तिसरं कुणीतरी आहे!" तो कुजबुजला.

मग तिघांनी सापळा रचला. टाकीतलं भांडंभर पाणी काढून टाकलं आणि दुपारी सगळं घर आडवं झाल्यावर सोफ्यामागे दडी मारली. थोड्या वेळाने पावलं वाजली. हातात तांब्याचा गडू घेऊन आले कोण? आजोबा!

"थांबा!" तिघंही उसळून उभे राहिले.

"केवढ्याने ओरडता!" आजोबा दचकले. "अरे, मशीनच्या पाण्यात काय सत्त्व असतं? मी आपलं रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवलेलं घालतो. जन्मभर पितोय, मला काही झालंय?"

"आजोबा, तुम्ही कोळंबी नाही!" तनया ओरडली.

काकाला व्हिडिओ कॉल लागला. त्याने कपाटातलं समुद्री मीठ आणि पाण्यातलं तांबं शोषून घेणारी कोळशाची पिशवी काढायला लावली. अस्मिताने मोजून मीठ विरघळवलं, तनयाने जुनं पाणी काढून नवं सावकाश सोडलं, गंधारने नळी धरली. आणि घरात कधी पेलाही न उचलणाऱ्या आजोबांनी मुकाट्याने बादल्या वाहिल्या! दुसऱ्या दिवशीही हेच सगळं झालं.

काका परतला तेव्हा प्रवाळं फुलली होती आणि टाकीवर आजोबांच्या अक्षरात पाटी लागली होती : 'येथे तांब्याचे पाणी घालू नये. स्वतःचे शहाणपणही घालू नये.'

"चूक माझी," आजोबा म्हणाले. "पोरींनी अब्रू राखली."

"नेमकं ओळखलंस, तनया!" काकाने तिची पाठ थोपटली. "यापुढे मी नसताना टाकी तुझी."

तनयाने ऐटीत अस्मिताकडे पाहिलं. अस्मिता हात धुऊन टाकीत बोट बुडवून उभी होती. कोंडीराम दगडाआडून निघाला, तुरुतुरु आला आणि थेट अस्मिताच्या बोटावर चढून तिचं नख साफ करू लागला!

तनया पुन्हा जळली. मग तीही हात धुऊन आली आणि अस्मिताच्या बोटाला आपलं बोट लावून कोंडीरामची वाट पाहत उभी राहिली.