मागच्या सीटवरची पोरगी

टक् करून रिमोटच्या मागचं झाकण फरशीवर पडलं आणि दुपारची शांतता मोडली. सुरुचीनं आधी दिवाणाकडे पाहिलं. चार वर्षांची कनू हलली नाही. मग तिनं झाकण उचलून सासऱ्यांच्या हातात दिलं.

"आवाज बारीकच ठेवतो," नरहरअण्णा म्हणाले. "मला डायलॉग सगळे पाठ आहेत."

पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले अण्णा जेवणानंतर रोज एकच सिनेमा बघत. ऐंशीच्या दशकातला, मारधाडीचा. दोन चोर बँकेसमोरून एक पांढरी फियाट पळवतात, डिकीत हिरे आहेत हे त्यांना ठाऊक नसतं, आणि मग अडीच तास सगळं शहर त्यांच्या मागे लागतं. कॉलेजात असताना जालन्याच्या टॉकीजमध्ये त्यांनी तो सात वेळा पाहिला होता. त्यांच्या मुलानं, शौनकनं, तो पेनड्राइव्हवर आणून दिल्यापासून त्यांनी मोजणंच सोडलं होतं.

सुरुची कपड्यांच्या घड्या घालत होती. दिवसातला हा एक तास तिचा. कनू झोपलेली, सासूबाई, माई, आत आडव्या झालेल्या, कूलरची घरघर. सहज तिनं मान वर केली, तर फियाट ड्रमांची रांग उधळत चालली होती आणि मागच्या दाराच्या काचेत अडकवलेलं हिरवं कापड फडफडत होतं.

तशी ओढणी तिच्याकडे होती. समोरच्या ढिगातच होती.

तिनं ती सगळ्यात खाली सरकवली.

अकरा दिवसांपूर्वी, संकष्टीला, सगळे राजूरला गेले होते. गणपतीच्या दर्शनाची रांग पार रस्त्यापर्यंत आलेली. कनू गाडीत झोपली म्हणून सुरुची तिच्यापाशी थांबली. शौनक, अण्णा आणि माई रांगेत लागले. एसी चालू ठेवला की शौनक पेट्रोलवरून बोलतो, म्हणून तिनं तो बंद केला. काच दोन बोटं खाली घेतली, कनूला ऊन लागू नये म्हणून फटीत ओढणी अडकवली, दार लॉक केलं आणि समोरच्या रसवंतीत गेली. पाचच मिनिटं, असं ठरवून. चार वर्षांत पहिल्यांदा तिच्या कडेवर, मांडीवर, बोटाला कुणी नव्हतं. रस गार होता, चरकाचे घुंगरू वाजत होते. तिनं दुसरा ग्लास मागितला, तो काही तहान लागली म्हणून नाही.

परतली तेव्हा कनू लालभडक झालेली, केस कपाळाला चिकटलेले. हाका मारल्या तरी उठेना. बाटलीतलं पाणी अंगावर ओतलं तेव्हा कुठे तिनं डोळे उघडले. रडली नाही. नुसती बघत राहिली.

घरच्यांना सुरुचीनं सांगितलं, लेकराला ऊन बाधलं. खोटंही नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी ती घड्या न घालता नुसतीच सिनेमासमोर बसली. चोर गाडीत शिरले, त्यांनी तारा जोडल्या. कॅमेरा मागे वळला. मागच्या सीटवर एक लहान पोरगी झोपली होती.

"अण्णा, ही पोरगी कोण?"

"ही होय? पहिल्यापासून आहे की. चोरांना पत्ताच न्हाई, मागं लेकरू झोपलंय म्हणून. तिथंच तर सगळी गंमत आहे."

"आणि तिची आई?"

"ती काय तिकडं. रस पिऊन राह्यली."

बँकेच्या फाटकापलीकडे रसवंती होती. एक बाई पाठमोरी उभी, हातात ग्लास. तिच्या कुर्त्याची खांद्यावरची शिवण उसवली होती आणि वेगळ्याच रंगाच्या दोऱ्यानं परत घातली होती. तो दोरा सुरुचीनं स्वतःच्या हातानं ओवला होता.

"शेवटी वळते ती," अण्णा म्हणाले. "तोंड दिसतं. झोपलीस तर बराबर तेव्हा उठवीन तुला."

सुरुचीनं पेनड्राइव्ह काढून तूरडाळीच्या डब्यात घातला. दोन दिवस अण्णा दिवाणाखाली, गाद्यांखाली हात घालून शोधत राहिले. "माझंच ध्यान न्हाई राह्यलं आता," असं म्हणाले, तेव्हा तिला ते बघवेना. तिनं तो परत आणून ठेवला.

रविवारी सगळेच बसले. शौनकला सुट्टी होती, माईंनी शेंगा भाजल्या होत्या. कनू सुरुचीच्या मांडीवर.

"त्या बाईला रसच गोड लागला बघा," माई शेंग फोडत म्हणाल्या. "लेकराची आठवण न्हाई."

"एवढीच तहान होती, मंग लेकरू घेऊन जायचं ना सोबत," शौनक म्हणाला. "का गं, सुरुची?"

"हो ना," सुरुची म्हणाली. "कसली आई म्हणायची."

तिचा आवाज अगदी सहज निघाला, घरातल्या कुठल्याही गोष्टीवर निघतो तसा. मांडीवरची कनू मान वर करून तिच्याकडे बघत होती.

सांगून टाकावं. तोंड दिसायच्या आत आपणच सांगावं.

"अहो, त्या दिवशी राजूरला मी..."

"थांब गं," शौनक म्हणाला. "मेन सीन आहे."

फियाट पुलाचा कठडा तोडून गेली. दोन्ही चोरांनी दारं उघडून उड्या मारल्या. गाडी पाण्यावर आपटली.

मागच्या काचेवर आतून एक छोटा तळवा टेकला.

काच दोन बोटं उघडी होती. त्या फटीतून पाणी आत जात होतं.

मग पूल. पोलीस. रसवंती.

बाईनं ग्लास खाली ठेवला. ती वळू लागली. कान दिसला. गालाची कड दिसली.

सुरुचीनं मनात देवाकडे काहीतरी मागितलं. ते त्या पोरीसाठी नव्हतं.

'समाप्त'. लाल, मोठी अक्षरं. नेमकी त्या चेहऱ्यावर.

"कॉपी खराब दिसते," अण्णा चुकचुकले. "टॉकीजमध्ये दिसायचं तोंड."

सुटले, असं सुरुचीला वाटलं. आणि तसं वाटलं, याचीच तिला इतकी शरम वाटली की तिला मान वर करवेना.

माई फोलपटं गोळा करू लागल्या. शौनक पाणी प्यायला उठला.

"आजोबा," कनूनं विचारलं, "ती पोरगी गाडीतच राह्यली?"

"हो बेटा. तिला कुणी काढतच न्हाई."

कनूनं जरा विचार केला. मग सुरुचीची हनुवटी एका बोटानं आपल्याकडे वळवली आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, हळूच विचारलं,

"मंग आई, तू घरी कुणाला आणलं?"