टेबलावरचा तिसरा गिअर

"गुन्हेगार कोण ते आम्हाला माहीत आहे," गॅरेजच्या मालकीणबाईंचा दीर म्हणाला. "तुम्ही फक्त तसं लिहून द्या."

मावशीने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "मग मला कशाला बोलावलंत? तुमचं अक्षर वाईट आहे का?"

भाच्याने हसू लपवायला मान वळवली. मावशीने विमा कंपनीच्या नोकरीत ठोकलेल्या गाड्या तपासण्यात आयुष्य घालवलं होतं. निवृत्तीनंतर घरी स्वस्थ बसेल ती मावशी कसली! खासगी तपासाची कामं घेऊ लागली आणि तिला गाडीतून नेण्या-आणण्याचं काम भाच्याच्या गळ्यात पडलं. त्याची त्याला तक्रार नव्हती. आपल्याला गाड्यांतलं बरंच कळतं, असा त्याचा प्रामाणिक समज होता.

गॅरेजच्या मालकीणबाई दोघांना आत घेऊन गेल्या. डोळे रडून सुजलेले, पण बोलणं नीटनेटकं. मागच्या भिंतीला टेकवून एक चेपलेली गाडी उभी होती. समोरच्या अंगणात तशीच दुसरी, धडधाकट. तिच्या टायरची हवा तपासत एक तरुण मुलगी बसली होती.

"ती माझी लेक," मालकीणबाई म्हणाल्या. "दोन्ही गाड्या आम्ही डोंगरावरच्या चढणीच्या शर्यतीसाठी तयार केल्या. मूळच्या ऑटोमॅटिक. ते काढून हाताने टाकायचे गिअर बसवले. परवा माझे मिस्टर ही गाडी घेऊन चाचणीला गेले. तिसऱ्या गिअरमध्ये गिअरबॉक्स जागच्या जागी अडकला, मागची चाकं फिरायची थांबली आणि गाडी फिरून भिंतीवर गेली. त्यांचं कमरेचं हाड मोडलंय."

"आणि जोडली होती कुणी?"

"मिस्त्रींनी. आमच्या लग्नाच्या आधीपासून ते इथं आहेत. अंगणातली मात्र दिरांनी जोडली. चूक मिस्त्रींची असेल तर आज पोलिसांत तक्रार करायची असं दीर म्हणतात. मग लेकीची गाडी चांगली आहे, ती दुपारी शर्यतीला जाईल. तिच्या बाबांनीच तसं सांगितलंय." त्या क्षणभर थांबल्या. "पण चूक मिस्त्रींची नसेल तर? गिअर तर दोन्ही गाड्यांत सारखेच आहेत."

"तर ती गाडी अंगणातून हलता कामा नये," मावशी म्हणाली.

भाच्याने अंगणाकडे पाहिलं. बाहेर मुलगी टायरला कान लावून हवेचा आवाज ऐकत होती, मनाशी काहीतरी गुणगुणत होती.

दिराने कुलूप काढून एक खोली उघडली. टेबलावर खोललेला गिअरबॉक्स मांडला होता. शाफ्ट म्हणजे फिरणारे दांडे, त्यावरचे गिअर, रिंगा, सगळं ओळीने. दिराने एक गिअर उचलून मावशीच्या हातात दिला.

"हा तिसरा. आतलं बुश, ही पितळेची नळी, बघा, करपून काळं झालंय. बुश आणि शाफ्टच्या मध्ये तेल लागतं. मिस्त्रीने कोरडाच बसवला, म्हणून हा शाफ्टला धरला आणि सगळं जाम झालं. याला काय मोठी अक्कल लागते?"

मावशीने गिअर उलटसुलट पाहिला, पिशवीतून भिंग काढून दात्यांच्या फटी पाहिल्या. मग तो भाच्याकडे दिला. "तू सांग. तुला कळतं ना गाड्यांतलं?"

भाचा सरसावला. "बुश तर जळलंच आहे. पण बाकीचेही तापलेत मावशी. बघ, पहिला, दुसरा, चौथा, सगळ्यांच्या दात्यांच्या बुडाशी निळं पडलंय. लोखंड तापलं की निळं पडतं."

"आणि तिसरा?"

"तिसरा..." भाच्याने निरखून पाहिलं. "दाते स्वच्छ आहेत. फक्त आतून जळलाय."

"आता शाफ्टवर बोट फिरव. जिथं हा तिसरा बसतो तिथं."

"गुळगुळीत आहे. आरशासारखा."

"बरं. आणि त्याच्याशी जुळणारं खालच्या शाफ्टवरचं चाक?"

"त्याला खाच पडलीय. दोन दाते चेंबलेत."

"गाडी एवढी आपटली, पडणारच," दीर मध्येच म्हणाला.

"हे सगळं खोललं कुणी?" मावशीने त्याला विचारलं.

"मी आणि गिअर बनवणारे आमचे गिअरवाले. गिअर त्यांचेच आहेत, जाणकार माणूस. वहिनी त्यांना भाऊ मानते. मिस्त्रीला मी हात लावू दिला नाही. त्याने तोवर तेल काढून ठेवलं होतं, तेवढंच."

"तुम्ही पूर्ण वेळ इथं होतात?"

"होतो की."

"पूर्ण वेळ?"

दीर चिडला. "हॉस्पिटलमधून सारखे फोन येत होते. दादाला ऑपरेशनला नेत होते! बाहेर जाऊन बोलायला नको? परत आलो तेव्हा त्यांनी सगळं मांडून ठेवलं होतं. ही खोली तेव्हापासून बंद आहे, किल्ली माझ्या खिशात आहे. आता माझ्यावर संशय घ्या!"

बाहेर आल्यावर भाचा मावशीच्या कानाशी लागला. "हाच तो. किल्ली याच्याकडे, मिस्त्रीवर दात याचाच. भाऊ बाजूला झाला की गॅरेज याचं."

"तुझा तपास संपला असेल तर आपण मिस्त्रींना भेटू या का?"

मिस्त्री मागच्या दाराच्या पायरीवर बसले होते. हातांना काम नव्हतं, म्हणून डब्यातले बोल्ट आकाराप्रमाणे वेगळे करत होते. त्यांनी मावशीकडे पाहिलंच नाही.

"तेल लावलं होतं," ते म्हणाले. "बुशला, शाफ्टला, सगळीकडे. पण कुणी विश्वास ठेवणार नाही."

"मी अजून ठरवलेलं नाही," मावशी त्यांच्या शेजारी पायरीवरच बसली. "गिअर कसे होते?"

आता मिस्त्रींनी मान वर केली. "तिसरा नीट बसत नव्हता. माझी आपली एक पद्धत आहे. नवीन गिअर आला की त्याच्या दात्यांना निळी शाई मारतो. स्पिरिटमधली, सुकली की तेलानेही जात नाही. मग हाताने फिरवतो. दात्याला दाता जिथं घासतो तिथली शाई उडते. मधोमध उडाली तर गिअर चांगला. तिसऱ्याची नुसती कडेला उडत होती. म्हणजे सगळा भार दात्याच्या कडेवर."

"मग?"

"गिअरवाल्यांना फोन केला. म्हणाले, चालवा, चालून चालून बसेल. मालकांना सांगितलं, तर ते म्हणाले, शर्यत तोंडावर आलीय, आता परत कुठं पाठवता." त्यांनी हातातला बोल्ट डब्यात टाकला. "मी अडून बसायला हवं होतं हो. नाही बसलो."

मग खिशातून चिंधीची एक पुडी काढून त्यांनी मावशीच्या हातावर ठेवली. आत नखाएवढा लोखंडाचा तुकडा होता.

"तेल काढताना तळच्या बुचाला असलेल्या लोहचुंबकावर मिळाला. गिअरबॉक्सचं खोकं जुनं आहे, भंगारातल्या गाडीचं. मी धुतलं होतं, पण राहिला असेल कोपऱ्यात जुन्या गिअरचा तुकडा. हे कुणाला दाखवलं नाही. धाकट्या मालकांनी मला फाडूनच खाल्लं असतं."

मावशीने तुकडा भिंगाखाली धरला. मोडलेली बाजू साखरेसारखी रवाळ होती. एका कडेला निळसर रेघ.

"हाही तापलेला," भाचा म्हणाला.

"तुझ्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध आहे वाटतं," मावशी म्हणाली आणि घाईघाईने उठली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं होतं. भाच्याला तेवढंच कळलं आणि त्याला भीती वाटली.

अंगणात गिअरवाले आले होते. हसरा, गोड बोलणारा माणूस. मुलीच्या डोक्यावर थोपटत होते. "वर पोचल्या पोचल्या मामाला फोन करायचा, काय?" मावशीची ओळख करून दिल्यावर त्यांनी हात जोडले.

"वाईट झालं हो. मिस्त्री माणूस चांगला, पण आता वय झालं. बुश कोरडं बसवलं. माझ्या गिअरचा एक दाताही तुटलेला नाही, मोजून घ्या."

"तिसरा नीट बसत नव्हता म्हणे."

"नवीन गिअर थोडी कुरकुर करतातच. नव्या चपलेसारखं."

"दोन्ही गाड्यांचे गिअर तुम्ही एकदमच केलेत?"

"एकाच वेळी, एकाच भट्टीत," गिअरवाले अभिमानाने म्हणाले. "रात्रंदिवस खपून वेळेत दिले."

मुलगी हेल्मेट घालून गाडीत बसली, तिने पट्टा लावला. इंजिन सुरू झालं. मावशी सरळ चालत गेली आणि बॉनेटसमोर उभी राहिली.

"काय करताय?" दीर ओरडला. "उशीर होतोय तिला!"

"सगळ्यांनी इकडं या. मिस्त्री, तुम्हीही. फार वेळ घेणार नाही."

मालकीणबाई धावत आल्या. मुलीने काच खाली केली. इंजिन चालूच होतं.

"टेबलावरच्या गिअरचं बुश जळलंय," मावशी म्हणाली. "बुश पितळेचं. ते जळून शाफ्टला धरलं असतं तर शाफ्टवर पितळ चिकटलं असतं, ओरखडे पडले असते. शाफ्ट आरशासारखा आहे. मग हे बुश जळलं कुठं? त्या शाफ्टवर तर नाही."

दिराचं तोंड उघडं राहिलं.

"दुसरी गोष्ट. खालच्या चाकाचे दाते चेंबलेत. त्याला घासून फिरणारा तिसरा गिअर मात्र नवाकोरा, एक चरा नाही. दोघांची मारामारी झाली आणि एकालाच लागलं? आता तिसरी. मिस्त्री प्रत्येक गिअरला निळी शाई मारतात, ती तेलानेही जात नाही. माझ्या भाच्याला सगळ्या गिअरांच्या दात्यांच्या बुडाशी निळं दिसलं. त्याला वाटलं, तापलेत. ती शाई होती. एका तिसऱ्यावरच शाई नाही. ज्या गिअरला शाई मारून मिस्त्रींनी फोन केला, तो हा गिअरच नव्हे!"

मिस्त्री पुढे आले. "बदलला?"

"बदलला. खरा तिसरा कुठं आहे मला माहीत नाही, पण त्याचा तुकडा माझ्याकडे आहे." तिने चिंधी उघडली. "जुन्या खोक्यातला असता तर त्यावर मिस्त्रींची शाई कशी असती? हा त्याच नव्या गिअरचा दाता. कडेवर सगळा भार आला, दाता तुटला, तुकडा दोन चाकांच्या मध्ये अडकला आणि गिअरबॉक्स जाम झाला. मोडलेली बाजू रवाळ आहे. घाईघाईने भट्टीत तापवून गार केलं की लोखंड वेडंवाकडंही होतं आणि ठिसूळही. नीट न बसणं आणि तुटणं, दोन्हींचं मूळ एकच."

"पण बदलला कुणी?" मालकीणबाईंनी विचारलं. त्यांची नजर दिराकडे गेली.

"त्यांच्याकडे किल्ली होती. पण अगदी तसाच आणखी एक तिसरा गिअर त्यांनी आणला असता कुठून? हे गिअर बाजारात मिळत नाहीत, बनवून घ्यावे लागतात. तो ज्याच्या कारखान्यात होता, तो माणूस बुश जाळून, पिशवीत घालूनच इथं आला. हे फोनवर बोलायला बाहेर गेले आणि त्याचं काम झालं."

सगळे गिअरवाल्यांकडे पाहू लागले. ते हसायचा प्रयत्न करत होते.

"काहीतरीच काय! शाई पुसली गेली असेल. ताई, तू तरी सांग यांना."

मालकीणबाई दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिल्या. बोलली ती मुलगी.

"मामा असं करणार नाही," ती मावशीला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, रागाने की कशाने कळत नव्हतं. "तुम्हाला तो माहीत नाही. त्याच्या खांद्यावर बसून मी मोठी झालेय. माझ्या गाडीत त्याचेच गिअर आहेत. त्यात खोट असती तर त्याने मला बसू दिलं असतं का?"

मावशी बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. भाच्याला वाटलं, आता ही मुलगी गाडी मागे घेणार, वळवणार आणि जाणार. तो न ठरवताच मावशीच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

मुलीने वाकून शेजारचं दार उघडलं.

"चल मामा. बस. शर्यतीआधी एकदा वर जाऊन येऊ. सगळी चढण तिसऱ्यात घेते, मग यांची तोंडं बंद होतील."

गिअरवाले हलले नाहीत.

"बस ना."

"अगं, मला... कारखान्यात काम..."

"पाच मिनिटांचं तर आहे."

उघडं दार इंजिनाबरोबर थरथरत होतं. गिअरवाल्यांनी त्या रिकाम्या सीटकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. एक पाऊल ते मागे सरकले. फक्त एकच, पण सगळ्यांनी पाहिलं.

मुलीने किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.

"एक फेरी टिकले असते गं ते गिअर," गिअरवाले पुटपुटले. "शर्यत झाली की मी सगळे बदलून देणार होतो. नाव गेलं असतं माझं. कारखाना बंद पडला असता..."

मालकीणबाईंनी लेकीच्या गाडीचं उघडं दार लावून टाकलं. दीर मिस्त्रींजवळ गेला. त्याने मिस्त्रींचा हात धरला आणि तसाच धरून राहिला. मिस्त्रींनी तो सोडवून घेतला नाही.

मुलगी गाडीतून उतरली. हेल्मेट काढून तिने सीटवर ठेवलं. ती गिअरवाल्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली तेव्हा भाच्याला वाटलं, ही आता हात उचलणार.

"बाबा विचारतील, मी का गेले नाही," ती म्हणाली. "मी सांगणार नाही. आईही सांगणार नाही. हॉस्पिटलमध्ये आमच्याबरोबर तू यायचंस, त्यांच्या खाटेशी उभं राहायचंस आणि तू सांगायचंस."

मग तिने भाच्याला विचारलं, तुमच्या गाडीत आम्हा तिघांना जागा होईल का? भाचा दारं उघडायला गेला.