वाघळांखालची बाळं

कुलूपबदल झालेल्या पिढीतलं मूल हुडहुडी भरून थरथरताना डॉ. हेमांगी पेडणेकरांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आता साकवठणच्या समाजमंदिरात त्या तेच पाहत होत्या. सुगंधा गवसच्या मांडीवर तिचा मुलगा यतीन दोन गोधड्यांत कुडकुडत होता, आणि सूक्ष्मदर्शकाखाली, काचपट्टीवरच्या त्याच्या रक्तात, तांबड्या पेशींच्या आत, बारीक कडी दिसत होती. अशी कडी हेमांगीबाईंनी याआधी फक्त जुन्या पुस्तकांत पाहिली होती.

"डॉक्टरीणबाय, माझ्या झिलाक नक्की झाला काय?"

"हिवताप."

"तो तर कधीच संपलो! शाळेत शिकवलेला आमका."

शिकवलेलं बरोबरच होतं. हिवतापाचा जंतू तांबड्या पेशीत शिरतो तो तिच्यावरच्या एका कुलपाला आपली किल्ली लावून. हेमांगीबाई ज्या चमूत होत्या, त्याने त्या कुलपाचा आकारच जरासा बदलून टाकला. आईबापांना लग्नाआधी एक इंजेक्शन दिलं की पुढची मुलं नवं कुलूप घेऊनच जन्माला येत. माणसाचा हिवताप दारावर डोकं आपटून मेला. सत्कार झाले, शाली मिळाल्या, आणि त्या मिरवण्यात कोणाला काही गैर वाटलं नाही.

"पण सुगंधा, हिवताप हा काही एकट्या माणसाचा मक्ता नाही," हेमांगीबाई म्हणाल्या. "पाखरांना त्यांचा वेगळा, सरड्यांना वेगळा, माकडांना, खारींना, वटवाघळांना वेगळा. शेकडो जाती आहेत. सगळे एकाच मूळ कुळातले भाऊबंद, कोट्यवधी वर्षांत घरं बदलत इथवर आलेले. प्रत्येकाची किल्ली आपल्या घरापुरती घडलेली. वाघळांचा जंतू तर फार सालस. तो वाघळांना त्रास देत नाही, आणि माणसाच्या जुन्या कुलपाला त्याची किल्ली कधी लागलीच नाही."

"आनि नव्या?"

हेमांगीबाईंनी चष्मा काढून पुसला. नवं कुलूप त्यांनी माणसाच्या जंतूंवर तपासलं होतं, माकडांच्याही. वाघळांच्या जंतूंवर मात्र कोणी तपासलं नव्हतं. त्या जंतूंनी कधी कोणाचं वाकडं केलं नव्हतं, मग त्यांच्या वाटेला कोण जातो?

"नव्या कुलपाला ती जवळजवळ लागते. थोडं घासलं की पुरती लागते. पण घासायला बाळाचं रक्त सारखं सारखं मिळायला हवं. ते इथेच कसं मिळालं, हे मला उमजत नाही."

सुगंधाने यतीनची गोधडी सारखी केली. मग हळूच म्हणाली, "आमी पोरांक देवाक घालतो ना."

साकवठणची देवराई वाघळांनी लगडलेली. वाघळं देवाची, म्हणून त्यांना कोणी खडा मारत नसे. बारसं झालं की बाळाला तिन्हीसांजेला त्यांच्याखाली पाटावर उघडं निजवत, आणि दिवा लागला की उचलत. पुढे वर्षभर दर अमावास्येला तसंच. तिन्हीसांज ही चिलटांची वेळ, आणि वाघळांचा जंतू डासांनी नाही, चिलटांनी पसरतो. वाघळाला चावलेलं चिलट बाळाला चावे, बाळाला चावलेलं पुन्हा वाघळाला. किल्ली इकडून तिकडे जाई आणि घासली जाई.

"माका पण घातल्यानी लहानपणी. माका काय झाला नाय."

"तुझं कुलूप जुनं आहे. इथे इंजेक्शन आलं तेच तुझ्या लग्नाच्या वेळी."

सुगंधाने यतीनला घट्ट धरलं. "म्हणजे देवाच्या वाघळांनी माझ्या पोराक..."

"वाघळांचा यात काही दोष नाही. नीट ऐक. औषधाने ताप उतरेल, पण जंतू यकृतात लपतो आणि परत येतो. म्हणून मुलांना बारीक जाळीच्या मच्छरदाणीत ठेवायचं, देवाला घालणं बंद करायचं. ही नवी किल्ली अजून फक्त याच देवराईत आहे. वाघळं इथेच शांत राहिली, तर आपण ती इथल्या इथे संपवू. त्यांना हात लावू नका."

सुगंधाने मान डोलावली. पण पोर थरथरत असताना कोणती आई सगळं ऐकते? तिने अर्धंच ऐकलं आणि तेवढंच वाडीवर नेलं.

ऊन कलताना ढोल वाजू लागले. हेमांगीबाई धावत देवराईपाशी पोहोचल्या तेव्हा फटाक्यांच्या माळा पेटल्या होत्या, आणि ज्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तिथली काडी मोडली नव्हती ते रडत रडत ओल्या पाल्याचा धूर करत होते. आभाळ काळं झालं. वाघळं घिरट्या घालून दक्षिणेकडे निघाली. हेमांगीबाई ओरडत होत्या, पण ढोलापुढे त्यांचं कोण ऐकणार!

सुगंधाने त्यांचे हात धरले. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. "गेली, डॉक्टरीणबाय! एक पण रवूक नाय. तुमी सांगितलात म्हणून बरा झाला."

हेमांगीबाईंना तिच्यावर रागवता आलं नाही. त्या नुसत्या भ्यायल्या होत्या.

सकाळी पणजीहून मुलीचा, केतकीचा, व्हिडिओ कॉल आला.

"आई, मज्जा सांगू? आपल्या चिकूच्या झाडावर वाघळंच वाघळं! काल सांजेला आली. तुझा नातू ईशान बघ कसा हात वर करून खिदळतोय. कालपासून झाडाखालून उठायलाच तयार नाही."

"त्याला आत घे. आत्ताच्या आत्ता."

"का गं? काय झालं?"

हेमांगीबाईंच्या तोंडाशी सगळं आलं होतं. कालच एका आईला त्यांनी खरं सांगितलं होतं. हिला सांगावं, तर ती शेजारणींना सांगेल, आणि संध्याकाळपर्यंत पणजीतही फटाके वाजतील. मग वाघळं आणखी कुठे जातील? न सांगावं, तर ईशान झाडाखालीच आहे.

"चिलटं असतात गं तिथे," त्या कशाबशा म्हणाल्या.

केतकी हसली. "डास-चिलटांना कोण भितं आता? तुम्हीच तर कुलूप बदललंत ना!"