शपथेवर सांगते

कोर्टाची जुनी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबली आणि काळ्या कोटातल्या त्या उंच माणसाची पाचावर धारण बसली.

"आपण... पडणार नाही ना?"

"नाही हो. तुम्ही जाळीला टेकलात, म्हणून थांबली." तिने हसू दाबत जाळी घट्ट ओढली. लिफ्ट निमूट चालू लागली.

"तुम्हाला बरं कळतं यातलं!"

"लिफ्टच्याच कंपनीत होते... काढून टाकेपर्यंत."

वर गेल्यावर उलगडा झाला. तो सरकारी बाजूचा नवा वकील होता आणि ती त्याच बाजूची मुख्य साक्षीदार.

चार लिफ्ट कंपन्यांचं आतून साटंलोटं होतं. कुठल्या इमारतीचं काम कुणी घ्यायचं ते आधीच ठरायचं, बाकीच्यांनी मुद्दाम चढे दर भरायचे. ते हरायचे दर काढणं हे तिचं काम. मग एका हॉस्पिटलची लिफ्ट बंद पडली, आणि 'ते गिऱ्हाईक आपलं नाही' म्हणून तिच्याही कंपनीने हात लावला नाही. खुर्चीत बसवून जिन्याने उतरवलेले पेशंट तिने पाहिले आणि सरकारकडे तक्रार केली. नोकरी गेली. "पायावर धोंडा मारून घेतलास गं," आई म्हणाली, "पण बरं केलंस."

तारखा पडत गेल्या. दर तारखेला तो खाली लिफ्टपाशी तिची वाट बघत उभा असायचा.

"भीती वाटते तर जिना आहे की, वकीलसाहेब."

"जिन्यात तुम्ही नसता."

अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

मग तिची उलटतपासणी सुरू झाली. ती संपेपर्यंत आपल्याच वकिलाने साक्षीदाराशी चकार शब्द बोलायचा नाही, असा नियम. तो खरंच जिन्याने जाऊ लागला, वर धापा टाकत पोचायचा. बोलका माणूस गप्प झाला की केवढी पोकळी होते, हे तिला तेव्हा कळलं.

शेवटच्या दिवशी कंपन्यांच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, "सरकारी वकिलांबद्दल तुमच्या मनात काही आहे का?"

'नाही' म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? 'हो' म्हटलं तर साक्ष प्रेमापोटी दिली म्हणतील, सगळी केस पाण्यात. पण खोटं पुरे झालं म्हणूनच तर ती इथे उभी होती.

"आहे," ती म्हणाली. "पण तक्रार आधी केली. त्यांना नंतर पाहिलं... इथल्याच लिफ्टमध्ये. तक्रारीची तारीख तुमच्यासमोरच आहे."

न्यायाधीशांनी कागद पाहून मान डोलावली. सरकारी वकिलाच्या हातातलं पेन मात्र खाली पडलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर त्याची खुर्ची रिकामी होती. उरलेल्या प्रश्नांची उत्तरं तिने नीट दिली, पण मन थाऱ्यावर नव्हतं. पळालाच म्हणायचा! "साक्ष संपली," न्यायाधीश म्हणाले, तेव्हा ती जड पावलांनी बाहेर आली.

लिफ्टची जाळी धरून तो उभा होता. अंगात काळा कोट नव्हता.

"केस सोडली," तो म्हणाला. "तुमच्या साक्षीला माझ्यामुळे गालबोट लागायला नको. आणि आता... बोलायलाही मोकळा झालो."

"मग बोला की."

"माझ्याही मनात आहे. त्या दिवसापासून."

ती आत शिरली. डोळे भरून आले होते, म्हणून बटणांकडेच बघत तिने विचारलं, "खालीच जायचं ना?"

तो जाळीला टेकला. अगदी मुद्दाम.

"बंद पडली तरी चालेल."