तिकडे आत्ता रात्र आहे

"तुमचा मासा मेला!" मी फोनवर ओरडले.

"मेला म्हणजे... तरंगतोय?"

"तरंगत नाही. दिसतच नाही!"

"मग मेला कशावरून?" पलीकडचा आवाज इतका शांत, की माझं डोकंच फिरलं.

मामाच्या चष्म्याच्या दुकानात खाऱ्या पाण्याची एक मोठी काचेची टाकी आहे. गिऱ्हाइकांना वाट बघताना कंटाळा येऊ नये म्हणून. तिच्यात आदल्याच दिवशी मासेवाल्यानं एक नवा मासा सोडला होता. बोटाएवढा, हिरव्या अंगावर गुलाबी रेघा, आणि डोळा असा गरगर फिरवायचा की साऱ्या दुकानात त्यालाच सगळ्यांत चांगलं दिसत असावं. तोच गायब! मामाचा संशय माझ्यावर, कारण काहीही हरवलं की ते मीच हरवलेलं असतं.

मासेवाला आला. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, केस विस्कटलेले. टाकीला नाक लावून त्यानं डोळे बारीक केले.

"वाळूत झोपलाय."

"भर दुपारी?"

"तिकडे आत्ता रात्र आहे," तो म्हणाला. "त्याच्या समुद्रात. सूर्य मावळला की हे मासे वाळूत शिरतात. आपण कुठे येऊन पडलोय, हे बिचाऱ्याला अजून कळलं नाही. रुळेल हळूहळू. तोवर वाळू उकरू नका."

"मी कशाला उकरतेय?"

त्यानं माझ्या हातातल्या मोजपट्टीकडे पाहिलं. तिचं टोक ओलं होतं.

मी पट्टी पाठीमागे लपवली. तो हसला... आणि माझं जे बिनसलं ते बिनसलंच.

मग तो रोज यायला लागला – मासा बघायला. बाहेर स्कूटर थांबली की मी उठायचे, ती दुसऱ्याच कुणाची निघाली की बसायचे, पुन्हा उठायचे. हातातल्या फ्रेमची काडी वाकायची. "आज किती मोडायच्या ठरवल्यात?" मामा विचारायचा.

एक दिवस मासेवाल्यानं पाण्याखाली घालायचा मास्क काउंटरवर ठेवला.

"यात माझ्या नंबरच्या काचा बसतील? नोकरी लागलीय. तुटलेल्या प्रवाळाचे तुकडे समुद्रात पुन्हा लावायचे. या माशाच्याच समुद्रात." त्याचे डोळे चमकत होते. "लहानपणापासून टाकीतलेच मासे बघत आलोय हो मी."

म्हणजे हा जाणार! तरी मी पट्टी काढली. बुबुळांमधलं अंतर तर घ्यायलाच हवं!

"माझ्या डाव्या डोळ्याकडे बघा... आता उजव्या."

"दोन्हींकडे एकदम बघितलं तर?"

"तर माप चुकतं."

माप चुकलंच. तीनदा घ्यावं लागलं.

काचा आल्या, मी बसवल्या, आणि मास्क ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. "आल्या का?" तो रोज विचारायचा. "नाही हो, कारखान्याकडूनच उशीर..." मी रोज सांगायचे.

मग तो म्हणाला, "उद्याची बोट चुकली, तर ते दुसऱ्या कुणाला तरी घेतील." आणि तरीही वैतागला नाही. टाकीसमोर उकिडवा बसून म्हणाला, "हा अजून रुळलेला दिसत नाही. पुन्हा यावं लागेल..."

मासा त्याच्या नाकासमोरून, लख्ख उजेडात, मजेत फिरत होता.

म्हणजे हाही खोटं बोलत होता! मला इतका आनंद झाला, आणि लगेच इतकी लाज वाटली. हा माणूस समुद्र सोडायला तयार होता, आणि मी त्याला सोडू देत होते. मी ड्रॉवर उघडला.

"काचा सोमवारीच आल्यात."

त्यानं मास्क चढवला. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर.

"नीट दिसतंय?" मी विचारलं.

"दिसतंय. तुम्ही रडताय."

"मुळीच नाही!"

"मग माझ्याच काचेवर वाफ धरली असेल."

"काढ तो आधी," मी म्हटलं. 'तू' कधी झालं, कळलंच नाही. "आणि उद्याची बोट चुकवू नकोस. मला तू आवडतोस, म्हणून सांगतेय."

त्यानं मास्क काढला. डोळ्यांभोवती लाल वळ उठले होते. "मला तर त्या ओल्या पट्टीपासूनच..." तो म्हणाला आणि वाक्य तसंच ठेवून माझा हात धरला.

तो गेला. आता मासा शहाण्यासारखा संध्याकाळी वाळूत शिरतो, सकाळी बाहेर येतो. फोन मात्र तिकडे उजाडलं की येतो. मग मी जागीच असते – आज प्रवाळाची कुठली फांदी लावली, कुठला मासा बघायला आला, ऐकत. आणि दुपारी काउंटरवर डुलक्या काढते.

काल मामानं मोजपट्टीनं काउंटर वाजवला. "भर दुपारी झोपतेस?"

"तिकडे आत्ता रात्र आहे, मामा."

"मासासुद्धा रुळला. तू कधी रुळणार?"

"मला रुळायचंच नाहीये. मला तिकडे जायचंय."

मामानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग टाकीकडे वळला.

"याला खायला काय घालायचं," तो म्हणाला, "ते नीट सांगून जा."