फर्मीनची जुनी टोपी

फर्मीनचा जीव गावीच राहिलाय, हे गुरुवारी कळलं. एल आल्तो शहरात बाजाराचा दिवस. खाली जुन्या कपड्यांचे विक्रेते ओरडत होते. शेजारच्या कार्मेलाने कौल घ्यायला कोकाची पानं फडक्यावर टाकली, पाहिली.

"फर्मीनदादा, तीन महिन्यांपूर्वी तुम्ही नुसती कुडी घेऊन आलात."

बायको दोमिंगा गेली, तेव्हा लेक बेनिताने त्याला शहरात आणलं. तेव्हापासून अन्न जात नव्हतं, झोप नव्हती. दवाखान्याच्या गोळ्या चालूच होत्या. आईमागोमाग बापही जाणार, या धास्तीने बेनिता वाळली होती.

"बाबा, तुझी टोपी नेते. गावी जाऊन जिवाला हाक मारते, टोपीत घेऊन येते."

"जा. बसवाल्याला सांग, येताना दोन तिकिटं लागतील."

खुंटीवरची नवी टोपी सोडून तिने पेटीतली जुनी उचलली. ती दोमिंगाने दोन वर्षं मेंढ्यांमागे वापरलेली. फर्मीनला दिसलं. सांगायचा कंटाळा आला.

रविवारी दुपारी बेनिता परतली. टोपी शालीत, तान्ह्या बाळासारखी पाठीला बांधलेली.

"अंगणापासून हाका मारत आले. एकदाही मागे पाहिलं नाही."

तिने टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. ती उबदार होती. त्या दिवशी तो दोन वाडगे सूप प्याला आणि गाढ झोपला.

सोमवारी तो उकडलेले बटाटे सोलत बसला. सालं डाव्या गुडघ्यावर रचत होता. बेनिताचा हात थांबला.

"आई अशी रचायची."

"वेणी सुटलीय तुझी. बस इकडे."

त्याने जन्मात वेणी घातली नव्हती. बोटं मात्र भराभर चालली. शेवटी त्या बोटांनी शेंड्याला आईसारखेच दोन हिसके दिले. बेनिता रडू लागली.

तेवढ्यात फोन वाजला. गावचा इलारिओ होता.

"काय गं, बापाला इथंच टाकून गेलीस? तुमच्या कुंपणावर बसलाय. उन्हात, बोडका. हाक मारली तरी बघत नाही."

बेनिताने फोन ठेवला. खुंटीवरची नवी टोपी काढली.

"चूक झाली. आत्ताच निघते."

फर्मीनने तिचं मनगट धरलं.

"तो आला, तर ती कुठं जाईल?"

बेनिताने टोपी परत टांगली.

आता गावी पाऊस सुरू झालाय. नवी टोपी खुंटीवरच आहे. ती घेऊन अजून कुणी गेलेलं नाही.